व्यापारनाम व त्याची पडताळणी

व्यापारनाम : एखादी व्यक्ती, भागीदारी संस्था किंवा कंपनी ज्या नावाने आपला व्यवसाय चालविते, त्या नावास व्यापारनाम किंवा व्यवसायनाम असे म्हणतात. व्यापारचिन्हामुळे मालाची ओळख पटते, तर व्यापारनामामुळे तो माल बनविणाऱ्याची वा विकणाऱ्याची. व्यवहारात मात्र या दोहोंची सरमिसळ होते आणि पुष्कळदा एकच शब्द दोन्ही कामे करतो. नवीन व्यवसाय सुरू करताना योजलेले नाव अगोदरच कोणी घेतलेले नाही ना, हे तपासून पाहण्याची पद्धत व तिच्यासाठी निर्माण झालेल्या नोंदवह्या यांचा इतिहास सु. पावणेदोनशे वर्षांचा आहे.

हे काम वरवर कारकुनी स्वरूपाचे वाटते. नोंदवही उघडावी, नाव शोधावे, सापडले नाही तर ते मोकळे समजावे, इतकेच त्यात अभिप्रेत आहे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात नाव दोन ठिकाणी घेतलेले असू शकते. एक शासकीय नोंदवहीत आणि दुसरे बाजारात, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनात. नोंदवहीत केवळ नोंदविलेली नावे सापडतात. बाजारातील मालकी मात्र वापराने व लौकिकाने निर्माण होते आणि न्यायालये बहुधा तिचीच बाजू घेतात. नोंदवही व बाजार यांच्यातील हे अंतर कमी करण्याचे प्रयत्न निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या रीतींनी झाले. ते पूर्णपणे मिटविणे कोणत्याही देशास साधलेले नाही.

नोंदवह्यांपूर्वीचा काळ : व्यापार एका गावापुरता किंवा परस्परांस ओळखणाऱ्या व्यापाऱ्यांपुरता मर्यादित होता, तोवर नावाची पडताळणी स्वतंत्रपणे करण्याचे कारण नव्हते. भारतातील सावकारी पेढ्या बहुधा वडील व मुलगा किंवा दोघे भाऊ यांची नावे जोडून ओळखल्या जात. हुंडी कोणत्या पेढीवर काढली आहे, हे तिच्यावरील नाव, हस्ताक्षर व खूण यांवरून ठरे. एकाच नावाच्या दोन पेढ्या असल्या, तरी गावाच्या नावाने त्यांतील फरक स्पष्ट होई. नाव हे पतीचे दुसरे रूप होते आणि ‘नाव बुडणे’ या वाक्प्रचाराचा पेढीच्या बाबतीतील अर्थ अगदी शब्दशः होता. मुंबईतील पारशी समाजात तर धंद्याचेच आडनाव झाले. बाटलीवाला, दारूवाला, रेडीमनी ही त्याची परिचित उदाहरणे होत.

मध्ययुगीन यूरोपात व्यापारी संघ आपल्या सभासदांची व त्यांच्या खुणांची नोंद ठेवीत. फ्लॉरेन्स येथे १४०८ च्या कायद्यान्वये ‘आकोमांदिता’ या मर्यादित जबाबदारीच्या भागीदाऱ्यांची नोंद आवश्यक ठरली. अशा नोंदींचा हेतू नावाचे रक्षण करणे हा नव्हता. कर्ज कोणाकडून वसूल करावयाचे, हे धनकोस कळावे, एवढाच तो होता. पुढील काळातील अनेक कायद्यांमागेही हाच हेतू दिसतो. ज्या नोंदवह्यांकडे आज लोक नावाच्या संरक्षणासाठी पाहतात, त्यांतील काही मुळात नाव धारण करणाऱ्यापासून इतरांचे संरक्षण करण्यासाठी निघालेल्या होत्या, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

इंग्लंडमधील विकास : नावावरून होणाऱ्या फसवणुकीविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग इंग्लंडमध्ये कंपन्यांची नोंदवही आकारास येण्याच्या सुमारासच न्यायालयांनी खुला केला होता. ‘क्रॉफ्ट विरुद्ध डे’ (१८४३) हा खटला या दृष्टीने उद्‌बोधक आहे. लंडनमधील हाय हॉलबर्न रस्त्यावरील ‘डे अँड मार्टिन’ ही पेढी बुटांच्या काळ्या पॉलिशसाठी प्रसिद्ध होती. तिचा मालक डे मृत्यू पावल्यावर मृत्युपत्राचे व्यवस्थापक धंदा चालवीत होते. मृताच्या डे आडनावाच्याच पुतण्याने मार्टिन आडनावाच्या एका व्यक्तीकडून तिचे नाव वापरण्याची अनुमती मिळविली व जवळच हॉलबर्न हिल येथे ‘डे अँड मार्टिन’ याच नावाने पॉलिशचा धंदा उघडला. दोन्ही आडनावे खरी होती. तथापि न्यायाधीश लॉर्ड लँगडेल यांनी पुतण्यास मनाई केली. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपविण्याचा अधिकार कोणासही नाही व त्यासाठी स्वतःचे नावदेखील साधन म्हणून वापरता येणार नाही, असे तत्त्व त्यातून पुढे आले.

यानंतरच्या वर्षी, १८४४ मध्ये, संयुक्त भांडवल कंपन्यांच्या नोंदणीचा अधिनियम संमत होऊन निबंधकाचे कार्यालय अस्तित्वात आले. तोपर्यंत कंपनी स्थापण्यास राजाची सनद अथवा संसदेचा स्वतंत्र कायदा लागे. त्यामुळे कंपन्या मोजक्या व त्यांची नावे सर्वश्रुत असत. नोंदणी सुलभ झाल्यावर नावे एकमेकांवर आदळू लागणे अपरिहार्य होते. १८६२ च्या कंपनी अधिनियमाच्या विसाव्या कलमाने, अस्तित्वात असलेल्या कंपनीच्या नावाशी तंतोतंत जुळणारे अथवा लोकांची फसगत होईल इतके सारखे असणारे नाव नोंदविण्यास मनाई केली. याच अधिनियमानुसार एक शिलिंगपर्यंत शुल्क देऊन निबंधकाकडील कागदपत्रे कोणासही पाहता येत. नोंदवही सर्वांसाठी खुली असणे, हा नामपडताळणीचा पाया होय.

मात्र निबंधक आपल्या नोंदवहीत जे असेल तेवढेच पाहू शके. त्याने नाव मान्य केले म्हणजे प्रश्न सुटला, हा समज न्यायालयांनी लवकरच दूर केला. ‘पानार ए लव्हासॉर’ ही मोटारगाड्या बनविणारी फ्रेंच कंपनी. तिच्या गाड्या इंग्लंडमध्ये विकल्या जात, पण तिची तेथे नोंदणी नव्हती. काही व्यक्तींनी जवळपास त्याच नावाची इंग्लिश कंपनी नोंदविली. नोंदवहीच्या दृष्टीने नाव मोकळेच होते. तथापि १९०१ मध्ये न्यायालयाने परदेशी कंपनीचा लौकिक इंग्लंडमध्येही पोहोचलेला असल्याचे मान्य करून नव्या कंपनीस त्या नावाची मनाई केली.

याहून अधिक बोलके उदाहरण १९१७ मधील ‘यूइंग विरुद्ध बटरकप मार्गारीन कंपनी’ या खटल्याचे आहे. यूइंग हे स्कॉटलंड व उत्तर इंग्लंड या भागांत ‘बटरकप डेअरी कंपनी’ या नावाने दुकानांची मोठी साखळी चालवीत. नावात ‘कंपनी’ हा शब्द असला, तरी ती नोंदविलेली कंपनी नव्हती. एका माणसाचा तो खाजगी व्यवसाय होता. साहजिकच कंपन्यांच्या सूचीत त्याचा मागमूस नव्हता. लंडनमध्ये ‘बटरकप मार्गारीन कंपनी’ नोंदविली गेली, तेव्हा निबंधकास आक्षेप घेण्यास आधार नव्हता. न्यायालयाने मात्र मनाई हुकूम दिला. नवी कंपनी यूइंग यांच्या धंद्याचीच एक शाखा आहे, असे लोकांस वाटणे हीदेखील हानी आहे. कारण त्या कंपनीची पत ढासळल्यास तिचा डाग मूळ धंद्यावर पडेल, असा त्यामागील विचार होता. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पुण्यातील दुकानांवर आढळणारी व विनोदाचा विषय झालेली पाटी याच धोक्यावरील घरगुती उपाय आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

बटरकपसारख्या बिगरकंपनी व्यवसायांची नोंद ठेवणारा व्यवसायनाम नोंदणी अधिनियम इंग्लंडमध्ये १९१६ च्या डिसेंबरात संमत झाला. मालकाच्या खऱ्या नावाहून भिन्न नावाने व्यवसाय करणाऱ्यांस आपली ओळख नोंदविणे त्यामुळे भाग पडले. त्यामागे पहिल्या महायुद्धातील परिस्थिती होती : इंग्लिश वाटणाऱ्या नावाआड शत्रुराष्ट्राचा नागरिक तर नाही, हे कळावे, असा उद्देश होता. या नोंदणीने नावावर हक्क मिळत नसे व एकच नाव अनेकांस नोंदविता येई. तरीही नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून नाव आपले झाले, असे समजणाऱ्यांची संख्या मोठी होती. ही नोंदवही १९८२ मध्ये बंद करण्यात आली. त्यानंतर नोंदणीऐवजी, मालकाचे नाव व पत्ता पत्रव्यवहाराच्या कागदांवर तसेच धंद्याच्या जागी दर्शविण्याचे बंधन राहिले. जिच्यातून चुकीचा विश्वास निर्माण होतो, अशी नोंदवही असण्यापेक्षा नसलेली बरी, या निष्कर्षाप्रत इंग्लंड पासष्ट वर्षांच्या अनुभवाने आले, असे म्हणता येईल.

अन्य देश : अमेरिकेत हा विषय प्रामुख्याने घटक राज्यांच्या अखत्यारीत राहिला. न्यूयॉर्क राज्याने १८३३ मध्ये, भागीदार नसलेल्या व्यक्तीचे नाव वापरून धंदा करण्यास आणि प्रत्यक्ष भागीदार नसताना ‘आणि कंपनी’ असे शब्द जोडण्यास बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या १८७२ च्या दिवाणी संहितेने कल्पित नावाने चालणाऱ्या भागीदारीस जिल्हा कार्यालयात निवेदन दाखल करणे व ते वृत्तपत्रात चार आठवडे प्रसिद्ध करणे आवश्यक केले. वृत्तपत्रातील प्रसिद्धीमुळे नोंदवही न चाळणाऱ्यापर्यंतही वार्ता पोहोचे.

जर्मनीच्या १८९७ च्या व्यापारी संहितेने (अंमल १९०० पासून) वेगळाच निकष घातला. नवे नाव त्याच गावात नोंदविलेल्या सर्व विद्यमान नावांहून स्पष्टपणे वेगळे असले पाहिजे, असे तिचे तिसावे कलम सांगते. येथे पडताळणीचे क्षेत्र गाव हे आहे, कारण ज्या काळात ही कल्पना रुजली त्या काळी बहुतेक व्यापाऱ्यांची बाजारपेठही गाव हीच होती. जपानच्या १८९९ च्या व्यापारी संहितेतही त्याच नगरात त्याच प्रकारच्या धंद्यासाठी सारखे नाव नोंदविण्यास मनाई होती. सारखेपणाच्या या तपासणीत नव्या कंपन्यांचा वेळ जातो व फायदा थोडा होतो, असे आढळून आल्यावर २००५ च्या कंपनी कायद्याच्या वेळी ती रद्द करण्यात आली. २००६ पासून तेथे केवळ त्याच पत्त्यावर तेच नाव नोंदविता येत नाही. बाकीचा प्रश्न न्यायालयांवर सोडलेला आहे.

औद्योगिक संपदेसंबंधीच्या १८८३ च्या पॅरिस कराराचा आठवा अनुच्छेद या संदर्भात महत्त्वाचा आहे. व्यापारनामास सर्व सदस्य राष्ट्रांत, नोंदणीची अट न घालता, संरक्षण मिळावे, असे त्यात म्हटले आहे. बाजारातील हक्क नोंदवहीवर अवलंबून नाही, याची ही आंतरराष्ट्रीय कबुलीच होय. भारत या कराराचा सदस्य १९९८ मध्ये झाला.

भारतातील कंपन्या : भारतात कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला अधिनियम १८५० चा असून त्यानुसार कलकत्ता, मद्रास व मुंबई येथील सर्वोच्च न्यायालयांकडे नोंदणी होई. मर्यादित जबाबदारीचे तत्त्व १८५७ मध्ये आले. इंग्लंडमधील १८६२ च्या अधिनियमाच्या धर्तीवर १८६६ चा अधिनियम झाला आणि १८८२ व १९१३ चे अधिनियम त्याच परंपरेतील होत. सारख्या नावास मनाई करणारा इंग्लिश नियम १९१३ च्या अधिनियमाच्या अकराव्या कलमात जवळजवळ जशाच्या तसा आढळतो. शिलिंगाच्या जागी येथे रुपया आला : एक रुपयापर्यंत शुल्क देऊन निबंधकाकडील कागदपत्रे पाहता येत.

स्वातंत्र्योत्तर काळातील १९५६ च्या कंपनी अधिनियमाने निबंधकाच्या हाती अधिक व्यापक निकष दिला. केंद्र शासनाच्या मते जे नाव ‘अनिष्ट’ असेल, ते नोंदविता येणार नाही आणि विद्यमान कंपनीच्या नावाशी अतिशय मिळतेजुळते नाव हे अनिष्ट मानता येईल, अशी ती तरतूद होती. त्यामुळे कंपनी स्थापण्याआधी नावाच्या उपलब्धतेसाठी स्वतंत्र अर्ज करण्याची पद्धत रूढ झाली. अर्जात पसंतीच्या क्रमाने अनेक नावे द्यावी लागत, कारण पहिले नाव मिळेलच याची शाश्वती नसे. प्रवर्तकांच्या आवडीचे नाव मागे पडून यादीतले चौथे किंवा पाचवे नाव पदरात पडलेल्या कितीतरी कंपन्या या पद्धतीच्या साक्षीदार आहेत.

या काळातील एक मोठी उणीव येथे नमूद केली पाहिजे. व्यापारचिन्हांची नोंदवही १९४० च्या अधिनियमान्वये सुरू झाली. त्यापूर्वी व्यापारी आपल्या चिन्हाचे प्रतिज्ञापन दस्तनोंदणी कार्यालयात नोंदवून ठेवीत. पुढे १९५८ चा अधिनियम झाला व व्यापारचिन्ह कार्यालयाचे मुख्यालय मुंबईतच राहिले. कंपन्यांची नोंदवही एकीकडे व चिन्हांची दुसरीकडे, अशी स्थिती अनेक दशके होती. एखाद्याचे नोंदविलेले चिन्ह दुसऱ्याच्या कंपनीचे नाव म्हणून मान्य होणे त्यामुळे सहज शक्य होते. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ हा १५ सप्टेंबर २००३ रोजी अंमलात आला, तेव्हा त्याने कंपनी अधिनियमातही दुरुस्ती केली आणि नोंदविलेल्या चिन्हाशी सारखे असणारे नाव नाकारण्याचा आधार प्रथमच कायद्यात आला. दोन शासकीय वह्या शेजारी ठेवून पाहण्यास साठ वर्षे लागली, ही गोष्ट या इतिहासातील सर्वांत खेदजनक होय.

कंपनीविषयक कागदपत्रे २००६ पासून संगणकीय व्यवस्थेत आली आणि देशभरातील नावे एकत्र शोधता येऊ लागली. २०१३ च्या कंपनी अधिनियमाखालील नावांची छाननी २०१६ पासून हरयाणातील मानेसर येथील केंद्रीय नोंदणी केंद्रात होऊ लागली. २०१८ व २०२० मध्ये अर्जाची पद्धत आणखी सुटसुटीत करण्यात आली. २०२० च्या पद्धतीत नव्या कंपनीसाठी एक हजार रुपये शुल्कासह दोन नावे सुचविता येतात. मान्य झालेले नाव वीस दिवस राखून ठेवले जाते. जादा शुल्क भरून ही मुदत वाढविता येते.

नाव मान्य झाले, तरी धोका टळत नाही. नोंदविलेल्या व्यापारचिन्हाच्या मालकास कंपनीच्या स्थापनेपासून तीन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ती ग्राह्य ठरल्यास कंपनीस तीन महिन्यांत नाव बदलावे लागते. आदेश न पाळणाऱ्या कंपनीस सप्टेंबर २०२१ पासून शासनच नवे नाव देते. ते नाव म्हणजे ‘प्रादेशिक संचालकांचा आदेश पाळला नाही’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे, वर्ष, अनुक्रमांक व कंपनीचा ओळख क्रमांक यांची जंत्री असते. असे नाव फलकावर लिहिण्याची वेळ कोणावर येऊ नये, असाच या नियमाचा उद्देश दिसतो.

सारखेपणाची कसोटी : दोन नावे केव्हा सारखी मानावीत, हा पडताळणीतील खरा कठीण भाग आहे. वर्णानुक्रमे लावलेल्या सूचीत एकसारखे उच्चारले जाणारे शब्द दूर दूर विखुरतात आणि भारतीय नावे रोमन लिपीत लिहिताना ही अडचण कैक पटींनी वाढते. ‘लक्ष्मी’ हे नाव इंग्रजीत किमान तीन प्रकारे लिहिले जाते, ‘श्री’चीही तीच गत आणि ‘वामन’ हा कोणी ‘व्ही’ने लिहितो, तर कोणी ‘डब्ल्यू’ने. उच्चारानुसार नावे एकत्र आणण्याची ‘साउंडेक्स’ ही रीत अमेरिकेत रॉबर्ट रसेल याने शोधली व तिचे पेटंट १९१८ मध्ये घेतले. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवून पुढील व्यंजनांना ध्वनिगटाप्रमाणे अंक देणे व स्वर गाळणे, हे तिचे सूत्र होय. तिच्यानुसार ‘लक्ष्मी’ची तिन्ही रोमन रूपे एकाच संकेताखाली येतात आणि ‘श्री’चीही येतात. दोन्ही ‘वामन’ मात्र पहिले अक्षर भिन्न असल्याने वेगळेच राहतात. इंग्रजी आडनावांसाठी घडविलेले यंत्र मराठीस कोठे लागू पडते व कोठे अडते, याचा हा चांगला नमुना आहे.

भारतातील २०१९ च्या सुधारित नियमांनी या कसोट्या उदाहरणांसह लिहून काढल्या. अनेकवचन, विरामचिन्हे, शब्दांमधील मोकळी जागा, लेखनातील किंवा उच्चारातील किरकोळ फरक आणि शब्दांची उलटापालट यांमुळे नाव वेगळे ठरत नाही. ‘बिल्डर्स अँड कॉन्ट्रॅक्टर्स’ व ‘कॉन्ट्रॅक्टर्स अँड बिल्डर्स’ ही एकच नावे होत. हिंदी व इंग्रजी यांतील पूर्ण भाषांतरही त्याच नियमात बसते. त्यामुळे ‘नॅशनल इलेक्ट्रिसिटी कॉर्पोरेशन’ असताना ‘राष्ट्रीय विद्युत निगम’ घेता येत नाही. नियमात उल्लेख हिंदी व इंग्रजीचाच आहे. मराठी भाषांतराचे काय, हा प्रश्न महाराष्ट्रातील प्रवर्तकास पडणे स्वाभाविक आहे.

काही नावे कोणासच मिळत नाहीत. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० च्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू इत्यादींची नावे समाविष्ट असून केंद्र शासनाच्या अनुमतीवाचून ती धंद्यासाठी वापरता येत नाहीत. उलटपक्षी काही नावे कोणा एकाची होऊ शकत नाहीत. ‘रामायण’ हा शब्द उदबत्त्यांसाठी व्यापारचिन्ह म्हणून एकट्याने राखून ठेवता येणार नाही, असा निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला.

भागीदाऱ्या व दुकाने : महाराष्ट्रातील बहुसंख्य व्यवसाय कंपनीच्या स्वरूपात नाहीत आणि त्यांच्या नावांचा शोध घेण्यास एकच अशी वही नाही. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ खालील मूळ योजनेत भागीदारी संस्थांची नोंदणी ऐच्छिक असून सारख्या नावास कंपनी अधिनियमासारखी सर्वसाधारण मनाई नाही. दुकानदाराजवळ बहुधा एकच कागद असतो. तो म्हणजे दुकाने व आस्थापना अधिनियमाखालील, मुंबईत ‘गुमास्ता’ व इतरत्र ‘शॉप ॲक्ट’ म्हणून परिचित असलेला परवाना. मुंबई राज्याचा १९४८ चा हा अधिनियम व त्याच्या जागी आलेला महाराष्ट्राचा २०१७ चा अधिनियम हे दोन्ही कामगारांचे तास, सुट्या व सेवाशर्ती यांच्यासाठी आहेत. नव्या अधिनियमाखाली मोजकेच कामगार असणाऱ्यास नोंदणीचीही आवश्यकता नाही. केवळ सूचना देणे पुरते. या कागदावर दुकानाचे नाव छापलेले असते एवढेच. त्या नावावर हक्क असल्याचा तो पुरावा नव्हे. वापर केव्हापासून आहे, हे दाखविण्यास मात्र तो उपयोगी पडतो आणि त्यासाठी जुनी बिले, जाहिराती व करपावत्या यांच्याबरोबर तो जपून ठेवणे इष्ट असते.

भारतीय न्यायालयांचे धोरण : नोंदणी नसलेल्या व्यापारनामास संरक्षण देण्यात भारतीय न्यायालयांनी इंग्लिश परंपरा पुढे चालविली. निबंधकाने नाव मान्य केले, तरी दिवाणी दाद मागण्याचा मार्ग बंद होत नाही, हे ‘मोंतारी’ या नावासंबंधीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले. अहमदाबाद येथील ‘मुक्तजीवन कलर लॅब’ हा छायाचित्रे धुण्याचा व्यवसाय १९८२ पासून चालत असल्याचे त्याच्या मालकाचे म्हणणे होते. त्याच शहरात दुसऱ्याने ते नाव घेण्याचे ठरविल्यावर खालच्या दोन्ही न्यायालयांनी मनाई नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र डिसेंबर २००१ मध्ये ती दिली. एका शहरातील छोट्या व्यावसायिकाचे नाव कोणत्याही मोठ्या कंपनीच्या नावाइतकेच संरक्षणीय आहे, हे त्यावरून दिसते. त्याच्या आदल्याच महिन्यात याच न्यायालयाने ‘महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्स’ या नावास ‘महिंद्र अँड महिंद्र’च्या तक्रारीवरून झालेली मनाई कायम केली होती. व्यवसाय भिन्न असल्याचा बचाव तेथे टिकला नाही.

आडनावांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. लंडनमधील मेणाच्या पुतळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या तुसॉ घराण्यातील वादात तेथील न्यायालयाने १८९० मध्ये एक मार्मिक भेद केला. माणसास स्वतःच्या नावाने धंदा करता येईल. पण ते नाव देऊन नवी कंपनी नोंदविता येईलच, असे नाही. माणसाचे आडनाव जन्माने मिळते, कंपनीचे निवडलेले असते. महाराष्ट्रात हा प्रश्न ‘किर्लोस्कर’ या नावाबाबत उपस्थित झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये वसविलेल्या किर्लोस्करवाडीपासून या नावास औद्योगिक लौकिक लाभलेला होता. ‘किर्लोस्कर डीझेल रेकॉन’ इ. कंपन्यांना ते नाव वापरण्यास झालेली तात्पुरती मनाई मुंबई उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उचलून धरली.

पुण्यातील ‘बर्गर किंग’ या उपाहारगृहाच्या खटल्यात नोंदवही व बाजार हे अगदी समोरासमोर आले. अमेरिकन कंपनीने हे चिन्ह भारतात १९७९ मध्ये नोंदविले होते, परंतु तिचे पहिले दुकान येथे २०१४ मध्ये उघडले. पुण्यातील उपाहारगृहाचा दावा १९९२ पासूनच्या वापराचा होता. पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने २०२४ मध्ये कंपनीचा दावा फेटाळला. त्यावरील अपील निकालात निघेपर्यंत स्थानिक उपाहारगृहाने ते नाव वापरू नये, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिला. याच कंपनीस ऑस्ट्रेलियात उलट अनुभव आला होता. ॲडिलेड येथील एका खाद्यगृहाने हे नाव तेथे आधीच नोंदविलेले असल्यामुळे १९७१ मध्ये पर्थ येथे पहिले दुकान उघडताना तिच्या परवानाधारकास ‘हंग्री जॅक्स’ हे वेगळेच नाव घ्यावे लागले आणि ऑस्ट्रेलियातील दुकाने त्याच नावाने वाढली.

संगणकजालावरील नावांची एक नवी नोंदवही विसाव्या शतकाच्या अखेरीस यांत जमा झाली. संकेतस्थळाचे नाव प्रथम मागेल त्यास मिळते. तेथे यंत्र केवळ अक्षरे जुळतात काय, हे पाहते. एका अक्षराचा फरकही त्यास पुरतो. भारतात ‘सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये, संकेतस्थळाचे नाव हेही व्यवसायाची ओळख असल्याने त्यास व्यापारनामाचे नियम लागू होतात, असे ठरविले. त्यामुळे नवे नाव घेऊ इच्छिणाऱ्यास कंपन्यांची सूची, व्यापारचिन्हांची सूची व संकेतस्थळांची सूची अशा तिन्ही पाहाव्या लागतात. त्याखेरीज, ज्या गावात व ज्या धंद्यात उतरावयाचे तेथील जुन्या दुकानांच्या पाट्याही वाचाव्या लागतात.